ठेवणीतली काडतुसं

रिव्हॉल्व्हर कुठलं घ्यायचं यावर आमच्या घरात सगळ्यात जास्त अभ्यास केला तो माझ्या नवऱ्यानं. वापरणार होते मी. तो सॉफ्टवेअरवाला, पुण्याचा, आणि दिवाळीतली लवंगी माळसुद्धा उदबत्ती लांब धरून लावणारा. पण एखादी वस्तू घरात यायची म्हटली की त्याच्या अंगात काहीतरी संचारतं. फ्रीज घेताना त्यानं महिनाभर एक्सेलमध्ये तक्ते केले होते आणि शेवटी शेजाऱ्यांकडे होता तोच फ्रीज आम्ही घेतला.

मी भूगर्भशास्त्राची. नागपूरला शिकले, तिकडेच मँगनीजच्या खाणींवर काही वर्षं काढली आणि लग्नानंतर व्हँकुव्हरला आले. २०१० च्या आसपास मी खनिजं शोधणाऱ्या एका छोट्या कंपनीत होते. तांब्या-सोन्याचे भाव चढले होते, त्यामुळे उन्हाळा आला की आम्हा सगळ्यांना उत्तरेकडच्या डोंगरांत धाडायचे. राहायला तंबू. सकाळी हेलिकॉप्टर जोडीजोडीनं डोंगराच्या धारेवर सोडायचं आणि संध्याकाळी खाली ओढ्याकाठून उचलायचं. मधला दिवस पायी. चालायचं, दगड फोडायचे, भिंगातून बघायचे, पिशवीत घालायचे, नोंद करायची. पाठीवरची सॅक दिवसभर जड होत जायची. या कामात मी सुखी होते. दुसरं कुठलंही काम करताना मला तितकं सुख झालेलं नाही, आणि हे मी नवऱ्यासमोरही म्हणत असे.

त्या भागात अस्वलं असतातच. आमच्या पट्ट्याला अस्वलाच्या तोंडावर मारायच्या तिखट स्प्रेचा डबा कायम असायचा आणि चालताना मोठ्यानं बोलायची शिस्त असायची. मी तर जुनी पाढे पद्धत काढली होती. एकोणतीसचा पाढा मोठ्यानं म्हणत चाललं की अस्वलं काय, सोबतचा माणूसही लांब राहायचा. पण रिव्हॉल्व्हर घेतलं त्याच्या आदल्या उन्हाळ्यात शेजारच्या कॅम्पमधल्या एका मुलावर ग्रिझली, म्हणजे तिकडचं मोठं तपकिरी अस्वल, धावून आली. वारा उलटा होता, स्प्रे त्याच्याच तोंडावर आला. तो वाचला. त्याचा उजवा हात पूर्वीसारखा झाला नाही.

ही बातमी माझ्या नवऱ्याला माझ्या आधी कळली. मी परत आले तेव्हा तो एवढंच म्हणाला, "पुढच्या वर्षी तू ऑफिसमध्ये बस."

मी नाही म्हटलं. दुसऱ्यांनी आणलेल्या दगडांवरून नकाशे काढत बसायचं तर ते मला नागपूरलाही जमलं असतं. शिवाय एक गोष्ट मी जवळून पाहिलेली होती. बाई एक सीझन घरच्या कारणासाठी थांबली की पुढच्या वर्षी तिला कोणी विचारत नाही. कोणी वाईट बोलत नाही, सगळे समजूतदारपणा दाखवतात, आणि तिचं नाव यादीतून जातं. माझी चाळिशी उलटली होती. मला ठाऊक होतं की हा उन्हाळा सोडला तर डोंगर संपले.

तो मला अडवू शकत नव्हता, हे त्यालाही माहीत होतं. पण घरातून भांडून निघायचं आणि तीन-तीन आठवडे त्या भांडणासकट तंबूत झोपायचं, हे मला जमणारं नव्हतं. त्यानं मनानं जा म्हणायला हवं होतं. मग मीच रिव्हॉल्व्हरचा विषय काढला.

इथला कायदा थोडक्यात सांगते. कॅनडात रिव्हॉल्व्हरनं शिकार करता येत नाही. ते अंगावर बाळगायची परवानगीही सहसा मिळत नाही. जंगलात पोटापाण्याचं काम करणाऱ्यांना मात्र जनावरांपासून बचावासाठी मिळू शकते. त्याला कोर्स, लायसन्स, कंपनीचं पत्र आणि नेमबाजीची परीक्षा लागते. रायफल का नाही, असं मला सगळे विचारायचे. रायफल चांगलीच. पण पाठीवर सॅक, हातात हातोडा, आणि तुम्ही कड्याला तोंड लावून दगड फोडताय, तेव्हा रायफल असते मागच्या झाडाला टेकवलेली. अस्वल काही ती आणून देत नाही.

नवऱ्यानं दोन दिवस विचार केला आणि अट घातली. "चालेल. पण मग असं घे की एका गोळीत विषय संपला पाहिजे."

तिथून कॅलिबर पुराण सुरू झालं. कॅलिबर म्हणजे गोळीची जाडी, एवढं मला कोर्समध्ये शिकवलं होतं. त्याच्या तक्त्यात त्यापुढे गोळीचं वजन, वेग, मारा, आत किती शिरते, असे रकाने आले. खाली ३५७ मॅग्नम, मध्ये ४४ मॅग्नम, वर ४५४, आणि त्याच्याही वर असले काही राक्षस की त्यांची नावं वाचूनच मनगट दुखावं. ३५७ ची ओळ त्यानं लाल केली होती. "हे पोलिसांचं. माणसांसाठी," तो म्हणाला. त्याच्या दृष्टीनं प्रश्न सोपा होता. वरच्या ओळीतलं घ्यायचं. आमच्याकडे शाळेचे बूटसुद्धा एक माप मोठेच घेतात, त्यातलाच हा प्रकार.

सल्ल्यासाठी आम्ही डॉक्टरकाकांकडे गेलो. हे आमच्या ओळखीतले सगळ्यात जुने मराठी गृहस्थ. साठच्या दशकाच्या शेवटी आले आणि उत्तरेच्या एका लाकूडतोड्यांच्या गावात तीस-पस्तीस वर्षं डॉक्टरकी केली. पेशंटांनीच त्यांना मूसच्या, म्हणजे तिकडच्या घोड्याएवढ्या सांबराच्या, शिकारीला नेलं आणि काकांना चटक लागली. काकू कट्टर शाकाहारी. मूस गॅरेजमधल्या वेगळ्या शेगडीवर शिजायचा आणि काकांना आंघोळ केल्याशिवाय घरात प्रवेश नसायचा. निवृत्तीनंतर दोघं मुलाजवळ, व्हँकुव्हरच्या बाजूला राहायला आले होते.

काकांनी तक्ता चष्मा लावून पूर्ण वाचला. "आकडे बरोबर आहेत," ते म्हणाले. "पण मी आयुष्यभर रायफल वापरली. शिकारीत आपल्याला वेळ असतो. बसायचं, श्वास सोडायचा, मग मारायचं. तिथे कॅलिबर जनावर बघून ठरवतात. हिचं प्रकरण वेगळं आहे."

"वेगळं म्हणजे मोठं ना?" नवरा म्हणाला.

"ते मी हिला चालवताना बघितल्याशिवाय सांगणार नाही." एवढं बोलून काकांनी आम्हाला चिवडा दिला. नवऱ्यानं याचा अर्थ 'मोठं' असाच घेतला.

दुकानात गेलो तर विक्रेता माझ्या नवऱ्याशीच बोलायला लागला. नवराही तयारीनं बोलत होता. मी मध्ये लायसन्स काढून काउंटरवर ठेवलं तेव्हा त्याची नजर माझ्याकडे वळली, आणि माझ्या हातांकडे. माझे हात लहान आहेत. बांगडीवाल्याकडे मला मुलींच्या खोक्यातल्या बांगड्या लागतात. त्यानं बऱ्याच गोष्टी काढून दाखवल्या. पोलादी ४४ उचलल्यावर मला वाटलं, सॅकमध्ये अजून एक दगड. मग त्यानं हलक्या धातूचं एक ४४ दिलं. मोठं कॅलिबर आणि वजन जवळजवळ नाहीच. छातीवर पट्ट्यानं बांधायच्या म्यानात ते आरामात बसत होतं. कमरेला सॅकचा पट्टा असतो, म्हणून आमच्यात छातीवरच बांधतात. नवऱ्याचं कॅलिबर झालं, माझं वजन झालं. दोघांनाही वाटलं आपणच जिंकलो.

सोबत दोन प्रकारची काडतुसं घेतली. एक ४४ मध्येच चालणारी, पण सौम्य, सरावाची. दुसरी खास अस्वलासाठी, जड कडक गोळ्यांची, महागडी. ती पेटी घरी आली आणि कुलपातल्या कपाटात गेली, आणि तिथेच राहिली.

आता हे दुसऱ्या कुणाला सांगून कळणार नाही, पण मराठी वाचकाला समजावून सांगायची गरज नाही. आमच्या घरात चांगली वस्तू वापरायची नसते. लग्नातला डिनर सेट इकडे आल्यापासून काचेच्या कपाटात आहे. आईनं दिलेलं केशर इतकं जपलं की त्याचा वास गेला. बेडशीटचा चांगला जोड पाहुण्यांसाठी, आणि पाहुणे आले की त्यांना सांगायचं, अहो तुम्ही काय परके आहात. तसंच हे. सराव स्वस्तातल्या काडतुसांनी करायचा आणि चांगली कामाच्या वेळी काढायची, हे आम्ही बोलून ठरवलंसुद्धा नाही. बोलायचं काय त्यात. दोघं शिकलेले, तो आकडेवाला, मी सायन्सवाली, आणि दोघांपैकी एकाच्याही मनात शंका आली नाही.

सरावात मी चांगली निघाले. सौम्य काडतुसं, हलकं रिव्हॉल्व्हर, हाताला जेमतेम झटका. कागदावर भोकं जवळजवळ पडायची. परीक्षाही त्याच काडतुसांनी दिली आणि पास झाले. परवानगीचा कागद आला त्या दिवशी नवऱ्यानं श्रीखंड आणलं. माझं तिकीट निघालं. तोही जरा मोकळा झाला होता, फोनवर आपल्या भावाला सांगत होता, "फोर्टी-फोर मॅग्नम घेतलंय, नो टेन्शन."

निघायच्या आधीच्या रविवारी डॉक्टरकाका नेमबाजीच्या रेंजवर आले. मला चालवताना बघायचं होतं ना त्यांना. मी मोठ्या उत्साहानं एक फैर झाडून दाखवली. काकांनी कागद बघितला, मान डोलावली आणि विचारलं, "डोंगरात हीच नेणार?"

"नाही, त्यासाठी वेगळी आहेत." मी पेटी दाखवली. कागदी सील तसंच होतं.

"फोड की."

"काका, ती ठेवणीतली आहेत."

मी हे अगदी सहज बोलून गेले. काका हसायला लागले. हसता हसता खोकला लागला त्यांना. "अगं, आमच्या हिनं टी-सेट असाच ठेवलाय," ते म्हणाले. "पण टी-सेटनं अस्वल मारायचं नसतं. फोड."

मी पाच जड काडतुसं भरली. पहिला बार झाला आणि रिव्हॉल्व्हर माझ्या कपाळाच्या दिशेनं उठलं. अंगठ्याच्या बुडातून कळ थेट कोपरापर्यंत गेली. गोळी कागदावर नव्हतीच. दुसऱ्या बाराला माझे डोळे आधीच मिटले, तेही मला जाणवलं. तिसऱ्याला मी चाप ओढला तर तो येईना. दोन बोटांनी ओढला. काडतुसं बसतात ते गोल चक्र जागच्या जागी अडकून बसलं होतं.

"नळी समोर ठेव. हलू नकोस," काका म्हणाले. ते हसत नव्हते.

रेंजच्या माणसाला बोलावून बरीच खटपट केल्यावर ते उघडलं. झालं होतं ते असं. रिव्हॉल्व्हर इतकं हलकं, की जड काडतुसाच्या धक्क्यानं ते झटक्यात मागे यायचं. त्याच्याबरोबर आत थांबलेल्या काडतुसांच्या पितळी नळ्याही मागे यायच्या, पण त्यांच्या तोंडातल्या जड गोळ्या जागीच राहायच्या, म्हणजे नळीतून पुढे सरकायच्या. दोन धक्क्यांत एक गोळी एवढी पुढे सरकली की तिचं टोक चक्राबाहेर आलं आणि चौकटीला अडलं. मग चक्र फिरणार कसं. हलकं रिव्हॉल्व्हर आणि जड गोळी यांचं एकमेकांशी पटत नाही, आणि हे ती दोघं एकत्र वापरल्याशिवाय कळत नाही.

मी बाकावर बसले. हे डोंगरात झालं असतं तर माझ्याजवळ दोनच बार असते, एक ढगात आणि एक डोळे मिटून. त्या उन्हाळ्यात माझ्या जोडीला दिलेली विद्यापीठातली मुलगी माझ्या भरवशावर माझ्या मागे उभी असती. काका शेजारी बसले आणि म्हणाले, "शिकारीत कॅलिबर जनावरावरून ठरवतात. तुझं हातावरून ठरवावं लागेल. जे तू डोळे उघडे ठेवून शेवटच्या गोळीपर्यंत चालवशील, तेवढंच तुझं कॅलिबर."

"नवऱ्याला काय सांगू?"

"तो तुझा प्रश्न आहे," काका म्हणाले. "मूसचं काकूला काय सांगायचं तेच मला इतक्या वर्षांत समजलेलं नाही."

घरी सांगितलं नसतं तर चाललं असतं. हातात परवाना होता, तिकीट होतं. पण हाताला सूज होती आणि मला खोटं बोललेलं पचत नाही. जेवण झाल्यावर सगळं सांगितलं. आमची पोर खाली बेसमेंटमध्ये टीव्ही बघत होती.

नवऱ्यानं ताट बाजूला सारलं. "मग झालं तर. हे देवानंच सुचवलं. जाऊ नकोस."

"देवानं रिव्हॉल्व्हर बदलायला सुचवलंय," मी म्हटलं. "मी ते परत देऊन थ्री-फिफ्टी-सेव्हन घेणार आहे. पोलादी."

"लाल ओळीतलं? वेड लागलंय का तुला? त्यानं ग्रिझली थांबते का?"

"चुकलेल्या फोर्टी-फोरनं थांबते काय बे?" चिडले की माझं नागपूर बाहेर येतं.

तो लॅपटॉप उघडायला लागला. तेव्हा माझा संयम सुटला. मी झाकण बंद केलं आणि म्हटलं, "तुझ्या तक्त्यात एक रकाना नाहीये. किती लांबून मारायचं असतं मला, माहितीय? बाहेर बर्फ साफ करायला जातोस ना, त्या ड्राइव्ह-वेएवढंसुद्धा नाही. या टेबलापासून त्या दारापर्यंत. झुडपातून निघालं की इथवर यायला त्याला जेवढा वेळ लागेल, तेवढाच माझा."

तो दाराकडे बघत राहिला. मग तो उठला, दारापाशी गेला आणि वळून उभा राहिला. "इथून?" त्यानं विचारलं.

"हो."

आणि तो धावत आला. काही न सांगता, खांदे खाली घालून, पूर्ण जोरात, मोजे घातलेल्या पायांनी. मी खुर्चीतून अर्धी उठेपर्यंत त्यानं मला खुर्चीसकट ढकललं होतं. दोघंही जमिनीवर. त्याचा चेहरा माझ्याएवढाच पांढरा झाला होता. "मी पंच्याण्णव किलो आहे," तो धापा टाकत म्हणाला. "आणि मी जाडा आहे. ते माझ्यापेक्षा जोरात पळतं."

"पळतं," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसला सगळं कळवलं. नवीन रिव्हॉल्व्हर म्हणजे पुन्हा कागद, पुन्हा परीक्षा. डोंगरातली तीन आठवड्यांची पहिली फेरी दुसऱ्याला द्यावी लागली. मला त्याचं फार वाईट वाटलं. यादीतून नाव जायची हीच सुरुवात असते. पण बॉसनं दुसरी फेरी माझ्यासाठी राखली आणि मी पोलादी ३५७ आणलं. जड गोळ्यांची पेटी आणली आणि पहिल्याच दिवशी फोडली. हात दुखायचा, डोळे उघडे राहायचे, चक्र फिरायचं. परीक्षा मी मागून घेऊन त्याच काडतुसांनी दिली.

घरी बेसमेंटमध्ये वेगळाच सराव चालू झाला, आणि तो नवऱ्यानं सुरू केला. खरं रिव्हॉल्व्हर, रिकामंसुद्धा, माणसावर रोखायचं नाही, हा नियम मी मोडणार नव्हते. त्यानं पोरीची पाण्याची पिचकारी आणली, ती माझ्या छातीवरच्या पट्ट्यात खोचली आणि स्वतः घर तापवणाऱ्या फर्नेसच्या खोलीच्या दारामागे जाऊन उभा राहिला. मी सॅक चढवून भिंतीकडे तोंड करून दगड फोडायचं नाटक करायचं. तो कधी येणार ते सांगायचा नाही. आला की वळायचं, काढायची, मारायची. शर्ट भिजला तर अस्वल मेलं, नाही तर मी. पोर पायरीवर बसून निकाल द्यायची. "मम्मा, यू आर सो डेड," असं पहिल्या आठवड्यात तिनं इतक्यांदा म्हटलं की मला रडू यायचं. मग हळूहळू शर्ट भिजायला लागला. कधी पोटावर, कधी खांद्यावर. तो प्रत्येक वेळी प्रामाणिकपणे मरून पडायचा, घामाघूम होऊन उठायचा आणि पुन्हा दारामागे जायचा. ऑफिसातून दमून आला तरी आधी अस्वल, मग चहा. कॅलिबरबद्दल त्यानं चकार शब्द काढला नाही. फक्त एकदा, टॉवेलनं डोकं पुसताना म्हणाला, "दुसरी किती लवकर मारतेस तेही बघायला पाहिजे." तेव्हा तीही बघितली.

निघायच्या आदल्या संध्याकाळी मी खाली सॅक भरत होते. पट्टा घालून बघितला होता, पिचकारी त्यातच होती. सराव नव्हता ठरलेला. मागे दार वाजलं आणि तो आला, आजवर कधी आला नव्हता इतक्या जोरात. मी वळले. पहिला फवारा त्याच्या छातीवर मधोमध लागला, दुसराही तिथेच, तिसराही.

तो पडला नाही. हात लांब केला तर लागेल एवढ्या अंतरावर थांबला. शर्टाचं पाणी खाली कार्पेटवर गळत होतं. मी अजून पिचकारी रोखून धरली होती आणि माझे डोळे उघडे होते, हे तो बघत होता. मग त्याचा चेहरा वाकडा झाला आणि तो रडायला लागला. लग्नाला इतकी वर्षं झाली, मी त्याला रडताना पाहिलं नव्हतं. मी जवळ जायला लागले तर त्यानं हातानं थांबवलं.

"मला भीती वाटतेच," तो म्हणाला. "ती कुठल्याच कॅलिबरनं जाणार नाही. तू जा."